लॉरीवरचा गृहप्रवेश

मी एका अनोळखी इंग्रज माणसाच्या अर्ध्या घराचा गृहप्रवेश केला. यथासांग. नारळासकट.

अर्धं घर म्हणजे काय, ते आधी सांगतो. बेसिंगस्टोकमध्ये वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर, पन्नाशी उलटलेल्या आम्ही नवरा-बायकोने ब्रिस्टलजवळ पार्क होम घेतलं. हे घर फॅक्टरीत तयार होतं, दोन तुकड्यांत लॉऱ्यांवरून येतं आणि जागेवर जोडतात. (आपल्या दोघांपेक्षा लवकर जुळतं, असं सुनंदा म्हणते.) तिची अट एकच होती. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर; तिथे दूध मुहूर्तावरच उतू गेलं पाहिजे! पुण्याहून तिच्या दादाने मुहूर्त कळवला: साडेअकराच्या आत.

त्या सकाळी आम्ही रिकाम्या प्लॉटवर उभे. पैठणीवर रेनकोट घालून सुनंदा, कॅम्पिंग स्टोव्ह घेऊन आमची लेक तन्वी, आणि नारळ घेऊन मी. सव्वाअकरा झाले तरी घराचा पत्ता नाही!

"अहो, फोन तरी करा."

"येईल गं. घर आहे, पळून कुठे जाणार?"

आणि वळणावरून लॉरी आली! वर प्लास्टिकने झाकलेलं अर्धं घर. ड्रायव्हर उतरला, "ऑल राइट?" म्हणाला आणि साइटच्या ऑफिसात चहाला गेला. घर कोणाचं, एवढं मी त्याला विचारायला हवं होतं. पण आज साइटवर आमचंच घर येणार याची मला खात्री होती. आणि एकदा खात्री झाली की मी प्रश्न विचारत नाही.

"चला वर!" तोरणासाठी आणलेली शिडी मी लॉरीला लावली.

"लॉरीवर?"

"मुहूर्त घराचा आहे, जमिनीचा नाही!"

नारळ टायरवर फोडला. वाहनपूजाही त्यातच उरकली. सुनंदा कलश सांभाळत, उजवं पाऊल आधी टाकत शिडी चढली. मी दाराला तोरण बांधलं. आत शिरताच ती थबकली.

"अहो, आपण ओटा पांढरा सांगितला होता ना? हा हिरवा आहे."

"प्लास्टिकमधून उजेड तसा येतो."

"आणि सिंक डावीकडे कसं?"

"अर्धंच घर आहे ना! दुसरं अर्धं आलं की उजवीकडे होईल." (मी सिव्हिल इंजिनिअर आहे.)

"बाबा," तन्वी म्हणाली, "इकडे डॉगसाठी छोटा दरवाजा आहे. आपल्याकडे डॉग नाहीये."

"व्हेंटिलेशन आहे ते! दूध ठेव!"

दूध तापलं, फुगलं, हिरव्या ओट्यावरून थेट नव्या कार्पेटवर उतरलं. मुहूर्ताच्या आत! सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं हो आपलं घर!"

तेवढ्यात शिडीवरून एक गुलाबी टक्कल वर आलं. त्याच्या काखेत कुत्रा.

"सॉरी टु बॉदर यू," टक्कल म्हणालं, "पण हे बहुतेक आमचं किचन आहे."

हा बॅरी, शेजारच्या प्लॉटचा मालक. कुत्रा कार्पेटवरचं दूध चाटू लागला आणि मी घाम पुसत बॅरीला मुहूर्त, दूध, भरभराट सगळं समजावलं. तो खूश!

"म्हणजे हे सगळं गुड लक आता आमचं?"

मी सुनंदाकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

आमची लॉरी दुपारी आली. ओटा पांढरा, सिंक उजवीकडे, सगळं जिथल्या तिथे. मुहूर्त तेवढा गेलेला. सुनंदा दोन दिवस माझ्याशी तन्वीमार्फत बोलत होती. घर जोडून झालं त्या दिवशी बॅरी दुधाची बाटली घेऊन आला. "मुहूर्त कुठे मिळतो मला माहीत नाही," तो म्हणाला, "दूध चालेल?" सुनंदा एकदाची हसली. पांढऱ्या ओट्यावर दूध उतू गेलं, आणि बॅरीने टाळ्या वाजवल्या.

पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या छताचा सांधा गळायला लागला. बॅरीचं घर ठणठणीत, दाराला अजून आमचं तोरण. मी तेच दुधाचं पातेलं हातात घेऊन धारेखाली उभा.

"कमाल आहे," मी म्हणालो, "त्याच्या घरात सगळी भरभराट, आणि आपल्याकडे हे!"

"मग जा ना तिकडेच राहायला," सुनंदा म्हणाली. "पातेलं तेवढं इथे ठेवून जा. त्याचा घराला उपयोग आहे."