कुबातचा दस्तरखान

पाहुण्याने जागेवरून उठलेलं कुबातला खपत नसे. बिश्केकच्या घरात तो लहानपणापासून हेच बघत आला होता. दस्तरखान, म्हणजे जेवणासाठी अंथरलेलं कापड, एकच. त्यावर चहा येतो, मांस येतं, रस्सा येतो. पाहुणा हलत नाही. म्हणून सायराश मावशीच्या गावातल्या बायकांसाठी त्याने शिरडाकांची, म्हणजे लोकरीच्या गालिच्यांची साइट केली, तीही तशीच. पान एकच, पत्ता एकच, आतले शिरडाक तेवढे बदलायचे.

मग नारीनहून मावशीचा फोन आला.

"अरे, आपल्या शेजारच्या बुरुलचा निळा पाहिला, मग माझा लाल. परत निळा बघायला गेले तर थेट साइटबाहेर, अंगणात! पाहुण्याला असं हाकलतात?"

"ताएझे," मावशीला तो असंच म्हणे, "मागचा बाण कशाला दाबलात?"

"मागे जायला. तू काय पुढे जायला दाबतोस?"

कुबातने स्वतः ब्राउझरचा तो बाण दाबून पाहिला. तोही साइटबाहेर.

खरी अडचण वेगळीच होती. लाल शिरडाकापायी मावशीचे दोन हिवाळे गेले होते. ओशच्या एका बाईला तो लेकीच्या लग्नात द्यायचा होता. पण मावशीने धाडलेल्या लिंकवर तिला नुसती साइटची सुरुवात दिसे, लाल शिरडाक नाही. आज दिसला नाही तर ती उद्या बाजारातून दुसरा घेणार होती.

कुबातने प्रत्येक शिरडाकाला स्वतःचा पत्ता दिला. शिरडाक बदलला की ब्राउझरच्या इतिहासात नोंद. मागचा बाण नीट चालू लागला. त्याने खुशीत नवी लिंक पाठवली.

"पान सापडलं नाही म्हणतंय," मावशी म्हणाली. "माझा शिरडाक गेला कुठे?"

त्याला तर दिसत होता! साइटच्या सुरुवातीपासून गेलं की दिसे, थेट गेलं की नाही. त्याने डोकं धरलं. चहा गार झाला. मग उमगलं. नवे पत्ते त्याच्या पानाला ठाऊक होते, सर्व्हरला नव्हते. थेट आलेला पाहुणा दारातच अडत होता. त्याने सर्व्हरला बजावलं: कुठल्याही शिरडाकाचा पत्ता येवो, तू तेच पान दे. कुठला शिरडाक मांडायचा ते पान पत्ता वाचून ठरवेल.

संध्याकाळी पुन्हा फोन.

"दिसला तिला. मग बुरुलचा निळा बघितला. मग पुन्हा माझा. मग तो मागचा बाण दाबला."

"आणि?"

"निळा घेतला."

कुबातने साइट पुन्हा तपासली. चुकलं कुठे? काहीच तर चुकलं नव्हतं.

"एवढं सांग," मावशी म्हणाली, "पुढे जायचा बाणही आहे ना रे?"

"आहे."

"मग तो तिला दाबायला सांग ना!"