बरा झालेला पाय

आमच्या कॉमिकमधला महानायक पहिल्या अंकापासून लंगडत आला होता. गेल्या वर्षी त्याची चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा संपादक म्हणाले, "आता त्याला नीट पळू दे. वाचकांना वेग हवा असतो." मी त्याचा उजवा पाय सरळ केला.

मग पत्रं येऊ लागली. हा आमचा नायक नव्हे, तुम्ही त्याची पार वाट लावलीत. मी ती वाचून खणात टाकायचो. वाटायचं, राग आहे, ओसरेल.

एका दुपारी चाळिशीच्या एक बाई कार्यालयात आल्या. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार होता, जिना चढून दमल्या होत्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "त्याचा पाय बरा झाला, तो अंक माझा चुकला वाटतं. शाळेत असल्यापासून एकही चुकवला नाही. मिळेल का?"

"तसा अंक निघालाच नाही, ताई," मी म्हणालो. "मीच एकदम सरळ काढला."

त्या रागावल्या नाहीत. "असं होय. मला वाटलं, कसा बरा झाला ते कळेल."

कागदावरची आपली रेघ कुणाच्या आयुष्यात कुठवर गेलेली असते, आपल्याला कुठे माहीत असतं? आता त्याला पुन्हा लंगडा केला, तर त्यांना ती दया वाटेल. सरळच ठेवला, तर त्या एकट्या पडतील. काल संपादकांनी पानं मागितली. सगळं काढून झालंय. त्याच्या पायांची जागा तेवढी कोरी आहे.