मऊ स्प्रिंगा

गल्लीत त्याला सगळे फिटर म्हणत. कारखान्यात वीस वर्षं यंत्रं जोडण्यात गेली, पण जीव अडकला होता घरामागच्या शेडमधल्या लाल गाडीत. जुनी, पण वेगासाठीच बांधलेली. तिला त्याने स्वतःच्या हाताने कडक स्प्रिंगा घातल्या होत्या, शर्यतीतल्यासारखी अरुंद, खोलगट सीट बसवली होती. बायको म्हणायची, "अहो, उतरल्यावर दात मोजून घ्यावे लागतात!" तो खूश व्हायचा.

मग त्याच्या पाठीच्या हाडांत कॅन्सर निघाला.

उपचारासाठी दर आठवड्याला इस्पितळात जावं लागे. पहिल्यांदा टॅक्सीने गेले. ड्रायव्हर घाईत होता. गतिरोधकावर फिटर जोरात ओरडला. "यापुढे माझ्याच गाडीतून," म्हणाला. पुढच्या आठवड्याला बायकोने ती चालवली, पण तिच्यात तर रस्त्यावरचा खडान् खडा पाठीत शिरत होता. त्या दिवशी त्याने सगळी वाट टॉवेल दातांत धरला होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मऊ स्प्रिंगा मागवा. मी बसवते."

"तू?"

"तुम्ही सांगायचं, मी करायचं."

ती एका दुकानात सोफ्यांची कव्हरं शिवायची. तिने आठ दिवसांची रजा टाकली. स्प्रिंगा आणि धक्के झेलणारे शॉकअप एकत्र जोडूनच आले होते. शेडमध्ये तिने त्याला उशा लावून खुर्चीत बसवलं.

"नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नकोस. आधी स्टँड लाव. मगच चाक काढ."

चाक निघालं, पण आतला बोल्ट हलेना. ती घामाघूम झाली.

"किती आवळलाय हो हा!"

"मीच आवळलाय. मला काय ठाऊक, तू उघडणार आहेस." तो हसला आणि कळ येऊन थांबला. "पान्याच्या दांड्यावर पाइप चढव. पायाने दाब."

ती दोन्ही पायांनी पाइपवर उभी राहिली. बोल्ट करकरून सुटला. जुनी केशरी स्प्रिंग बाहेर आली तेव्हा त्याने हात पुढे केला. स्प्रिंग मांडीवर घेऊन तो बराच वेळ तिच्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. ती गाडीखाली पाहत राहिली, उगाचच.

चारही चाकं झाल्यावर सीटची पाळी आली. भंगारातून आणलेल्या रुंद सीटवर तिने फोमचे थर चढवले, कव्हर शिवलं. तो बसून बघायचा. "इथे टोचतंय." ती उसवायची. तीनदा उसवलं.

पुढच्या फेरीला तिने गाडी हळू नेली. इस्पितळाजवळचा मोठा गतिरोधक गेला.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"आता म्हातारीसारखी डुलते गं ही," तो म्हणाला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. तिने गाडी थांबवली नाही, नुसता हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

तशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, आता आणू नका. त्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी घरच्या अंथरुणातच तो गेला.

दिवस-कार्य उरकल्यावर धाकटा दीर शेडमध्ये उभा राहून म्हणाला, "वहिनी, तीन फेऱ्यांसाठी केवढा खटाटोप केलात."

"तीन वेळा त्यांना दुखलं नाही," ती म्हणाली.

जमिनीवर पाने तसेच पसरलेले होते. ते तिने एकेक करून पुसले आणि पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ती दुकानात कामावर गेली. गाडीतूनच गेली.