भिंतीवरचं पितळी तोंड

हे तुमाले सांगून राह्यलो, पन माह्या आईपुढं काढू नका. तिच्या मतानं आमच्या घरी चमत्कार झाला. माह्या मतानं तो निव्वळ माहा गाढवपना होता. तुमी चहा पेत पेत आइका आन तुमीच ठरवा.

मले एक नाद लागला होता. जुन्या धातूच्या वस्तू गोळा करायच्या आन हॉलच्या भिंतीवर टांगायच्या. फोनवर पाहत होतो मी, मोठ्या शहरातली लोकं भिंतीवर पितळेचे सूर्य, लोखंडाची झाडं, तांब्याची पाखरं लावते आन त्याखाली सोफ्यावर बसून फोटो काढते. म्हनलं, आदिलाबादच्या भिंतीनं काय पाप केलं?

उटनूरकडच्या, पितळ ओतनाऱ्या ओझा कारागिराचा एक जुना पितळी मोर भेटला. मोडक्या दरवाजावरचा एक सिंह भेटला. लोखंडाचं एक मोठं पान भेटलं. ते पान मी महिनाभर तेल लावून पुसलं. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगो, पाहा कशी कलाकुसर हाय. एका दिवशी बाबानं पेपरातून मान वर केली. म्हने, "हा नांगराचा फाळ हाय." आन परत पेपरात गेले. बाबा तहसीलमधून रिटायर झाले, जास्त बोलत नाई.

याच दिवसात माहं लग्न जुळत आल्तं. आधी अकरा स्थळं येऊन गेल्ती, त्याच्यावर नका बोलू. हे बारावं. तामसीची शीतल, शाळेत शिकवते. फोटो पाह्यला आन मी तीन दिवस कोनाची मजाक केली नाई, यावरून समजून घ्या.

फोनवर तिनं पयला प्रश्न काय विचारला असन? पगार नाई, प्लॉट नाई.

"तुमच्यात महालक्ष्म्या असते का?"

"नाई. आमच्यात नसते."

"पक्कं ना?"

"पक्कं. काऊन?"

"आमच्यात असते," ती म्हने. "दर भादव्यात तीन दिवस. सोळा भाज्या, पुरन, आंबील, फुलोरा, शंभर मानसाची पंगत. मी दहा वर्षाची होती तवापासून पुरन वाटून राह्यली. सासरी मले ते नाई पायजे. माहा राग देवीवर नाई हो. पाट्या-वरवंट्यावर हाय."

मी म्हनलं, तुमी बिनघोर राहा.

आता ज्याच्या घरी महालक्ष्म्या बसते, त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या बसते. बंद करता येत नाई. आन ज्याच्या घरी नसते, तो उगाच सुरू करत नाई. एकच गोष्ट अशी हाय का मंग इलाज चालत नाई: देवी सोताहून घरात आली, त बसवाच लागते. हे मले लहानपनापासून मालूम होतं. मालूम असून मी काय केलं ते पाहा.

रविवारी तामसीचे लोक घर पाह्याले येनार होते. म्हनलं, भिंतीच्या मधोमध काहीतरी दनकट पायजे. गेलो करीमभाईच्या भंगाराच्या दुकानात. तिथं फाटक्या कूलरखाली ते पडलं होतं. पितळेचं बाईचं तोंड, थाळीएवढं. मोठे मोठे डोळे, कानात कुंडलं, भरेल गाल, आन ओठ जरासे उघडे, जशी आत्ता काही बोलन.

"किसका है ये, करीमभाई?"

"मियाँ, भंगार का खानदान नहीं पूछते. ले जाओ."

आई दोन दिवसासाठी इंद्रवेल्लीले मावशीकडं गेल्ती. मी चिंचेनं घासून तोंड चकाचक केलं आन ठोकलं भिंतीवर. एका बाजूनं मोर, दुसऱ्या बाजूनं फाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मंदाकाकू वाटी घेऊन आल्या, विरजन मांगाले. दारातच थबकल्या.

"पंकज, हे कवा आनली बाप्पा?"

"आनली नाई काकू."

"मंग?"

इथं मानसानं गप राहावं. पन मले ती सवय नाई. मी चहात बिस्कीट बुडवलं आन म्हनलं, "सकाळी उठून पाह्यलं त भिंतीवर होती."

काकूच्या हातातली वाटी कलली. "आन खिळा?"

"खिळाही सोबतच आला."

मले वाटलं, काकू हासन, एक टपली मारन, विरजन घेऊन जाईन. काकू हासल्या नाई. त्यायनं डोक्यावर पदर घेतला, तोंडाकडं पाहत उलट्या पावलानं मांग सरकल्या आन म्हनल्या, "भादवा आठ दिवसावर हाय."

विरजन तसंच राह्यलं.

मी त्या गोष्टीले विसरून आंघोळीले गेलो. आंघोळ करून निघालो त हॉलमधी नऊ बाया. मी टॉवेलवर. एकीनंही माह्याकडं पाह्यलं नाई, इतक्या त्या भिंतीकडं पाहून राह्यल्या होत्या. तोंडाले हळदकुंकू लागेल, नाकात नथ टोचता नाई आली त कशी तरी बांधेल. खाली खन-नारळाचा ढीग. समोरच्या राजेश्वरी मॅडम तेलुगू, त्यायच्यात महालक्ष्म्या नसते, पन त्याही "अम्मवारु वच्चिंदि", म्हंजे देवी आली, म्हनून नारळ घेऊन आल्त्या. मी कपाटाच्या आडून म्हनलं, "काकू, मी मजाक केली होती." मंदाकाकू म्हनल्या, "देवीपुढं उघडं उभं राहू नाई."

दुपारपर्यंत सत्तावीस बायांनं ओटी भरली. मी मोजत होतो, काऊन का दुसरं काही सुचत नव्हतं.

तीनच्या बसनं आई आली. आता आमच्या गेटसमोर इतक्या चपला आईनं जन्मात एकदाच पाह्यल्या होत्या, आजोबा गेले तवा. तिच्या हातातली थैली पडली. तिथंच गेटाले धरून तिनं जो सूर लावला, तो ऐकून मांगच्या ओसरीत बसेल बाबा धावत बाहेर आले.

"काऊन रडून राह्यली?" बाबानं विचारलं.

"तुमी गेले म्हनून."

"कुठं?"

आईनं त्यायले वरून खालपर्यंत पाह्यलं, डोळे पुसले, आन आत आली. मंदाकाकूनं तिले गळ्याले लावलं. "वैनी, भाग्य काढलं तुमी. सोताहून आली." आईनं भिंत पाह्यली. मंग मले पाह्यलं. आईले माहा चेहरा पाठ हाय. तिनं माही बाही धरून मले स्वयंपाकघरात नेलं.

"कुठून आनली?"

"करीमभाईच्या भंगारातून."

आई पिठाच्या डब्यावर बसली. "आन लोकाईले काय सांगतलं?"

"आपोआप आली म्हनून. खिळ्यासकट."

मी म्हनलं, "मी बाहेर जाऊन खरं सांगून टाकतो ना." ती म्हने, "जाय." मी दारापर्यंत गेलो. तिथं एक म्हातारी, गुडघे वाकत नव्हते तिचे, दोघीनं धरून तिले खाली बसवून राह्यल्या होत्या, का तिले डोकं टेकवाचं होतं. मी दारातच थांबलो. मांगून आईनंही ते पाह्यलं.

"थट्टा तू केली," आई हळूच म्हनाली. "त्यायनं नाई केली. आता ती भंगारातून येवो का कुठून येवो, ओटी भरली म्हंजे महालक्ष्मीच. बसवा लागते. आन एकटी नाई बसवत, दोघी बहिनी लागते. जाय, हिची बहिन आन."

महालक्ष्म्या बसनार म्हंजे शीतल येनार नाई. दोन दिवसात मी सोताच्या हातानं, सोताच्या घरात, सोताच्या हतोडीनं सोताचं लग्न मोडलं होतं.

करीमभाईकडं धावलो. "करीमभाई, इसकी बहन चाहिए."

"किसकी?"

"वो जो मुँह ले गया था. जोड़ा होगा ना?"

करीमभाईनं मले खुर्ची देल्ली. बिमार मानसाले देते तशी. "मियाँ, ये जोड़े की चीज़ नहीं. पुराने बंगले के हौद का मुँह है. पीछे पाइप लगता था, मुँह से पानी गिरता था. तुमने पीछे देखा नहीं?"

नव्हतं पाह्यलं. घरी येऊन, बाया जेवाले गेल्यावर, तोंड उलटं करून पाह्यलं. मांगून पाइपाचा तुकडा, ओठापर्यंत आरपार भोक. म्हंजे सत्तावीस बायांनं नळाची ओटी भरली होती.

धक्का त बसला, पन खरं सांगू? मले आनंदही झाला. आता पुरावा होता. रविवारी शीतलपुढं, सगळ्यायपुढं, दाखवून द्यायचं का हे देवी नाई, हौदाची तोटी हाय. लोक शिव्या देईन, देऊ दे. लग्न त वाचन.

रविवार उजाडला. शीतल, तिचे वडील आन तिची आजी आले. कॉलनीच्या बाया आधीच सतरंजीवर बसेल, भजन चालू. शीतलनं भिंतीवरचं तोंड पाह्यलं. नथ पाह्यली. मंग मले पाह्यलं, जसं जमिनीचे बोगस कागद आननाऱ्याकडं बाबा पाहत असन तसं.

"तुमच्यात नसते म्हनले होते ना?" ती दबक्या आवाजात म्हने.

"चार दिवसापयले नव्हती."

आजीनं हात जोडले. मी म्हनलं, हीच येळ हाय. उभा राह्यलो. भजन थांबलं.

"हे आइका सगळे. मी खोटं बोललो होतो. हे महालक्ष्मी नाई. हे हौदाचं तोंड हाय, पानी पडाचं. आत्ता दाखवतो."

आईनं डोळे मिटले. मी तोंड भिंतीवरून काढलं, खाली परात ठेवली, आन लोटाभर पानी मांगच्या पाइपात ओतलं. ओठातून बारीक, चकचकीत धार निघाली. परातीत टन टन वाजली. मी सगळ्यायकडं पाह्यलं, म्हनलं, झालं, आता पटलं.

शीतलच्या आजीनं ओंजळ पुढं केली.

"तीर्थ हाय," ती म्हने.

मांगून मंदाकाकू आल्या. त्यायच्या मांगून राजेश्वरी मॅडम. मंग लाइनच लागली.

"आजी, मांगून मीच पानी टाकून राह्यलो," मी म्हनलं. "हा पाहा लोटा."

"टाकनारा कोनीतरी लागतेच ना बाप्पा," आजी म्हने. "तू थांबू नको."

दुसरा लोटा संपला. तिसरा संपला. माहे हात भरून आले. चौथ्या लोट्याले बाबा पेपर घडी करून उठले, माह्याजवळ आले आन कानात म्हने, "पंक्या, मोटर लावू का?"

सगळं झाल्यावर रिवाजापरमानं आमाले दोघाले बोलाले म्हनून मांगच्या ओसरीत पाठवलं. मी ओलागच्च. शीतल भिंतीले टेकून उभी. म्हनलं, आता ही नाई म्हनन आन मी तेरावं स्थळ पाह्याले लागन.

"आता बसवाच लागन," ती म्हने.

"हो."

"आनली कोनं?"

"मी."

"मंग ज्यानं आनली त्यानंच करावं. सोळा भाज्या तुमी निवडाच्या, तुमी चिराच्या. पुरन तुमी वाटाचं. आंबील तुमी. मी सवाशीन म्हनून पाटावर बसीन आन जेवीन. मंजूर असन त घरात जाऊन हो म्हनते."

मी मजाक करनारा मानूस हाय. मजाक करताना चेहरा कसा ठेवा लागते ते मले मालूम. तिचा चेहरा तसा नव्हता. मी म्हनलं, मंजूर.

बहिनीचं सांगाचं राह्यलं. आईनं ओझा कारागिराकडं ते तोंड पाठवलं, म्हने याच्यासारखंच दुसरं ओतून द्या. गुनी मानूस, चार दिवसात हुबेहूब करून देल्लं. इतकं हुबेहूब का तोंडातलं भोक आन मांगचा पाइपही सोडला नाई.

उन्हाळ्यात लग्न झालं. मागच्या भादव्यात लग्नानंतरच्या पयल्या महालक्ष्म्या. सोवळं नेसून मी पहाटपासून पाट्यावर. पुरन वाटता वाटता खांदे गेले, वालाच्या शेंगा निवडता निवडता बोटं काळी पडली. आईनं फक्त मीठ पाह्यलं, म्हने तुहं हाय, तूच कर. बाया पंगतीले बसल्या, मी वाढत होतो. शीतल मधल्या पाटावर, नवी साडी, चौथी पुरनपोळी. मी तूप वाढत होतो तवाच तिच्या धाकट्या बहिनीचा फोन आला. बहिनीचं लग्न ठरून राह्यलं होतं, तिले सल्ला पायजे होता. शीतलनं फोन कानाले धरला.

"सासर कसं हाय म्हनतं?" ती म्हने, आन मले खुनेनं आनखी एक पोळी वाढाले सांगतलं. "एकदम बेस. आमच्यात महालक्ष्म्या नसते. त्या आमच्या ह्यायच्या असते."