चेंडूवाल्या कंडक्टर बाई

कॉलेजला असताना हिमायतनगरहून नांदेडला मी ज्या बसनं जात असे, तिच्या कंडक्टर बाई कंबरदुखीवर स्वतःच इलाज करीत. गाडी थांबली की बसमधल्या उभ्या दांडीवर रबरी चेंडू टेकवून त्यावर कंबरेनं रेलत आणि दुखरी जागा सापडेपर्यंत हळूहळू सरकत. हे अॅक्युप्रेशर त्या कुठल्याशा शिबिरात शिकल्या होत्या.

"ओ बाई, बेल मारा की!" मागून कोणी ओरडे.

"थांब रे बाबा, कंबर अजून हाव म्हनंना!"

परीक्षेच्या दिवसांत मात्र "पुस्तकवाल्याला बसू द्या" म्हणत त्या मला जागा करून देत. आमच्या घरातल्या पहिल्या पदवीत त्या जागेचाही वाटा आहे.

एकदा भोकरला डेपोचे साहेब गाडीत चढले. "ताई, उद्यापासून ऑफिसात बसा. या कंबरेनं गाडीवर निभायचं नाही."

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी चेंडू दांडीला लावला आणि जोरानं रेलल्या.

"दुखनं पुरं जात न्हाई साहेब. पन दाबलं की उभं ऱ्हाता येतंय. बसून ऱ्हायले की लई आखडते. मी उभी हाय तवर गाडी सोडनार न्हाई."

आणि त्यांनी बेलची दोरी दोनदा ओढली. गाडी सुटली.

"अहो, मला उतरायचंय!" साहेब ओरडले.

"म्होरच्या थांब्याला उतरा," बाईंनी हात पुढे केला. "तवर पास दाखवा."