भेंडीवरचा पंप

"थांब तिथंच," म्हणत त्याने माझ्यावर पंप मारला. भेंडीवर औषध मारतात तो, पाठीवर अडकवायचा पंप. आत ब्लीचिंगचं पाणी. डोळे झोंबले. साडीवर फिकट ठिपके उठले, ते अजून गेलेले नाहीत.

मी राहनाळ गावची आशा सेविका. कोरोना चालूच होता, त्यात पावसाळी तापाची साथ. सरकारी दवाखान्यात खाट मिळेना, म्हणून घरोघर ताप शोधत हिंडायचं काम आमच्या गळ्यात. हा माणूस गोडाऊनवाला, गावातलं मोठं घर. माझ्या मागोमाग सिस्टर आल्या, कोविड वॉर्डातली ड्युटी करून. त्यांना तो म्हणाला, "या मॅडम, बसा." पंप खालीच. मी दारात ओली उभी.

म्हणजे हा कोरोनाला भीत नव्हता. मी बौद्धवाड्यातली, एवढंच त्याला पुरेसं होतं. याच दारात माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. रीत तीच, ब्लीचिंग तेवढं नवं.

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. लोक घाबरलेत."

मी मनावर घेतलं. संताप आला, आणि आपण गप्प राहिलो याचा जास्त आला.

त्याच आठवड्यात त्याची आई तापाने फणफणली. खासगी डॉक्टर दार उघडेनात. मग माझी आठवण झाली. गेले तर हा ओट्यावर पंप घेऊन तयार.

"आधी तो खाली ठेवा," मी म्हणाले.

"अगं, खबरदारी हाय ही."

"मग मॅडमना का न्हाय मारला?"

त्याने पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला. आत म्हातारी कुडकुडत होती. तिला तसंच टाकून जाणं मला जमणार नव्हतं, आणि ओलं होऊन आत जाणं तर मेले तरी नाही. मी ओट्यावरून हलले नाही. शेवटी पंप खाली टेकला.

खाटेशी खुर्ची ओढून बसले. म्हातारीच्या बोटाला सुई टोचली, तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मलेरिया. पहिल्या गोळ्या माझ्या हाताने दिल्या.

पायरी उतरतेय तोच मागे आवाज. फुस्स. तो खुर्चीवर पंप मारत होता.

मी परत वर गेले.

"गोळ्या अजून बऱ्याच दिवस द्यायच्या हायत. मी रोज येणार. रोज आत येणार, याच खुर्चीत बसणार. तुम्ही पंप भरत बसा."