बिशपचा श्वास

माझी नणंद लेओकादिया हिचे कान म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात जास्त राबलेले कान. गावात साठ टेलिफोन, आणि त्या साठांच्या तारा आमच्या घराच्या पुढच्या खोलीत येऊन एका लाकडी बोर्डावर संपायच्या. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा विसाव्या वर्षी ती त्या बोर्डापुढे बसली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही ती तिथेच होती. जेवण तिथेच, विणकाम तिथेच, जपमाळही तिथेच. कुणी फोन उचलला की बोर्डावरची छोटी झडप खट्‌ करून पडायची. मग लेओकादिया दोरी उचलून खाचेत घालायची आणि म्हणायची, "बोला." समोरच्याने नुसता श्वास घेतला तरी कोण आहे ते तिला कळायचं. एकदा मला म्हणाली, "रुफिना, औषधवाल्याच्या बायकोला दिवस गेलेत." त्या बाईने स्वतः ही बातमी गावाला सांगितली ती पुढच्या महिन्यात.

ती खोली उत्तरेकडची. आमचा काडिझचा किनारा म्हणजे नुसतं ऊन, भिंतींचा चुना डोळ्यांत खुपेल असं. पण त्या खोलीत मात्र ऑक्टोबर ते मे सूर्य पाऊल टाकत नसे. लेओकादियाचा रंग मेणबत्तीसारखा झाला होता. कुणाच्या ते ध्यानात येत नसे, कारण गावाला ती दिसायची कमी, ऐकू यायची जास्त.

बिशप आला तो द्राक्षतोडणीत. बिशप म्हणजे घोयरा. तो डुलत डुलत, विचार करत चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा. आमच्याकडे पूर्वी घरोघर एखादा घोयरा खिडकीत ठेवायचे, माश्या खायला. लोक त्याच्या कमरेला दोरा बांधायचे. लेओकादियाने बांधला नाही. बोर्डाशेजारी बादलीत तिने संत्र्याची फांदी रोवली, आणि तो त्या फांदीवरून कुठे गेला नाही. डोक्यावर उंच टोपीसारखा उंचवटा, चालणं मिरवणुकीतलं, म्हणून माझा नवरा सेबेरो त्याला बिशप म्हणू लागला. मळ्यातून घरी आला की टोपी काढून आधी फांदीपुढे वाकायचा. "महाराज, आज किती पापी गिळलेत?"

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत एका दुपारी लेओकादियाला वाटलं की बोर्डात बिघाड झालाय.

जेवणानंतरची ती वेळ, सगळं गाव झोपलेलं, एकही झडप पडत नाही. आणि तिला ऐकू आलं, टिक्‌. थोड्या वेळाने पुन्हा टिक्‌. पाण्यातला बुडबुडा फुटावा तसं. तिने एकेक दोरी काढून पुसली, खाचा फुंकल्या, कान लावून बोर्ड वरपासून खालपर्यंत ऐकला. मी कॉफी घेऊन गेले तर ही गुडघ्यांवर बसलेली.

"काय हरवलं गं?"

"शू. ऐक."

मला काही ऐकू आलं नाही. तिने मान हळूहळू वळवली, जसं अंधारात कुणी हाक मारावी आणि दिशा कळू नये. मग ती उठून फांदीपाशी गेली आणि बिशपच्या कुशीला कान लावला. माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"याच्या छातीत वाजतंय."

सेबेरो म्हणाला, "थंडीत हे झोपतातच. माझा आजा सांगायचा."

"झोपेत आवाज येत नाही," लेओकादिया म्हणाली.

"तू याला रात्री घोरताना ऐकलेलं नाहीस," मी नवऱ्याकडे बघत म्हणाले. पण ती हसली नाही.

मग आम्ही त्याच्याकडे नीट पाहिलं. रोज बघत होतो, पाहत नव्हतो. भर दिवसा त्याचे डोळे मिटलेले. बुबुळांचे ते सुळके आत ओढल्यासारखे बसलेले. मान वर ताणलेली, तोंड किंचित उघडं, आणि ओठांच्या कोपऱ्यात लाळेची बारीक तार. अंगाचा रंग ओल्या तंबाखूसारखा. लेओकादियाने बोट पुढे केलं. एरवी तो पंजे असे आवळायचा की सोडवताना आपल्यालाच अपराधी वाटावं. त्या दिवशी त्याने बोट नुसतं धरलं, सवय म्हणून, आणि मग तेही सुटलं.

गावचे पशुवैद्य डॉन अनिसेतो जाडजूड, प्रेमळ, कायम घाईत. ते दारातूनच म्हणाले, "बाई, मी खेचरांचा डॉक्टर. फार तर डुकरांचा. याच्यात सुई टोचली तर दुसऱ्या बाजूने बाहेर येईल."

"मग काय करू?"

"दुसरा आण. कुंपणावर हवे तितके आहेत."

लेओकादिया आत वळली. दार लावलं, बोर्डापुढे बसली आणि हेरेझची दोरी खाचेत घातली.

हेरेझ म्हणजे दारूचं शहर; तिथल्या बोर्डावर एर्मिनिया होती. सतरा वर्षं दोघी रोज बोलायच्या, पण एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. एर्मिनियाचा आवाज जाड, हसरा. मी तिला मनात नेहमी लठ्ठ धरायचे.

"एर्मिनिया, घोयऱ्याच्या छातीत कफ झाला तर काय करतात?"

"आता तू मला दारूचे भाव विचारलेस तर सांगेन. हे काय नवीन?"

"विचार ना गं कुणाला तरी."

"रडतेयस का तू?"

"नाही."

"रडतेयस. थांब."

आणि मग तो प्रश्न तारांवरून निघाला. मला अजून तो तसाच दिसतो. खांबांमागून खांब, द्राक्षमळ्यांवरून, मिठागरांवरून, डोंगरातल्या पांढऱ्या गावांवरून. एका कानातून दुसऱ्या कानात, कामाचे कॉल संपल्यावर उरलेल्या त्या रिकाम्या मिनिटांत. दोन दिवस उत्तरं येत राहिली. कुणी म्हणे लसणाचं तेल पाज. कुणी म्हणे तोंडात तंबाखूचा धूर सोड. सेव्हियाच्या एका ऑपरेटरने सांगितलं, तिच्या आत्याने असाच एक घोयरा शेगडीजवळ ठेवला होता आणि तो भाजून मेला. तेव्हा लेओकादियाने टेबलाखालच्या कोळशाच्या शेगडीकडे बघितलं. थंडीभर ती शेगडी तिच्या पायांशी धुमसत असायची आणि तिचा धूर सरळ त्या फांदीकडे जायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एर्मिनिया म्हणाली, "लेओ, मालागाकडून एक सिस्टर बोलतायत. मठातल्या औषधांचं त्याच बघतात. त्यांच्या लिंबाच्या झाडांवर तीस वर्षं घोयरे आहेत. जपून बोल, कडक वाटतात."

आवाज आला, लांबून, वाळूतून गाळल्यासारखा. "कोण तिकडे? मी सिस्टर ब्रिखिदा. प्रार्थनेला वीस मिनिटं आहेत. डोळे?"

"मिटलेले, सिस्टर. दिवसासुद्धा."

"तोंड?"

"उघडं. मान वर. लाळ येते."

"आवाज?"

"बुडबुड्यासारखा. श्वास सोडताना नाही, घेताना."

"हे तुला ऐकू आलं?"

"हो."

"बरं. ऊन किती मिळतं त्याला?"

लेओकादियाने खिडकीकडे बघितलं. मी बाजूला उभी होते. मला तिच्या कानातला आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"मुली, सूर्य. आकाशातला. तुमच्याकडे उगवतो ना?"

"या खोलीत येत नाही, सिस्टर."

"मग खोली बदल. तो काही बोर्ड चालवत नाही. ऐक, लिहून घे. शेगडी बंद. दहा ते दोन उन्हात, वारा न लागेल अशा जागी, आणि अर्धी फांदी सावलीत, म्हणजे नको झालं तर सरकेल. पाणी वाटीत ठेवलंस ना?"

"हो."

"त्याला वाटी कळत नाही. पानावर थेंब कळतो. पानं भिजव, सकाळी आणि दुपारी. अंग गरम झाल्याशिवाय तोंडात माशी कोंबायची नाही, पोटात कुजते. आणि हे सगळं करूनही औषध लागेलच, छातीतला जंतू उन्हाने मरत नाही. पशुवैद्य आहे?"

"ते खेचरांचे आहेत, सिस्टर."

"मग त्यांना भागाकार येत असेल. त्याचं वजन कर आणि त्यांना दे. सुई पुढच्या पायात, मागच्या नाही. घंटा झाली."

आवाज गेला. लेओकादियाने खाली वाकून आधी शेगडी विझवली.

औषधवाल्याच्या तराजूवर बिशप एकोणचाळीस ग्रॅम भरला. ती चिठ्ठी घेऊन लेओकादिया स्वतः डॉन अनिसेतोंकडे चालत गेली. भर सकाळी ती रस्त्यात दिसली म्हणून लोक दारात आले. डॉन अनिसेतोंनी चिठ्ठी बघितली, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडायला बसले. खेचर साडेतीनशे किलो, डुकराचं पिल्लू आठ किलो. खोडत, पुन्हा मांडत, जीभ दातात धरून. शेवटी म्हणाले, "एक थेंब पाण्यात विरघळवून त्या पाण्याचा थेंब. आयुष्यात इतकं बारीक काम केलं नाही मी." पाच दिवस ते रोज आमच्या गच्चीवर धापा टाकत चढले. त्यांच्या त्या जाड बोटांत ती केसासारखी सुई, आणि टोचताना प्रत्येक वेळी त्यांचेच डोळे मिटलेले.

दहा ते दोन बोर्डावर कोण बसणार, तर मी. पहिल्याच दिवशी मी फादरना मासळीवालीशी जोडून दिलं. ती त्यांच्याशी पंधरा मिनिटं तिच्या जावयाबद्दल बोलली आणि ते तिला कबुलीजबाब समजून ऐकत राहिले. सेबेरो म्हणाला, "आज पहिल्यांदा त्या बाईला क्षमा मिळाली."

वर गच्चीत लेओकादिया कठड्याच्या आडोशाला खुर्ची टाकून बसायची. जिना चढताना बिशपला पोलक्याच्या गळ्यात ठेवायची, वर गेल्यावर फांदीवर. पानांवर बोटांनी पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. मी कधी अंगावरचं दूध पाजून झालं की माझ्या तान्ह्या बाळाला घेऊन पाच मिनिटं वर जायचे. चुन्याच्या भिंती, वाळत घातलेल्या चादरी, पलीकडे समुद्राची एक उजळ पट्टी. चादरी फुगायच्या, बसायच्या. ती बोलत नसे, मीही नाही. एकदा म्हणाली, "इथं कुणी काही मागत नाही."

एकदा बसल्या बसल्या तिला झोप लागली. जागी झाल्यावर तिने स्वप्न सांगितलं. बोर्डावरच्या साठही झडपा एकदम पडल्या होत्या, सगळ्या दोऱ्या जोडलेल्या होत्या, पण कुणीच बोलत नव्हतं. साठ घरांतून नुसता श्वास ऐकू येत होता, सावकाश, एका लयीत, म्हाताऱ्यांचा, बाळांचा. आणि तिला काहीही करायचं नव्हतं. "किती वेळ गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सगळी दुपार."

सहाव्या दिवशी बिशप एक थेंब प्यायला. पानाच्या टोकावरचा थेंब त्याने आधी एका डोळ्याने पाहिला, मग जबडा हलला. लेओकादियाने मला कठड्यावरून अशी हाक मारली की मी दोन कॉल तोडून वर धावले. नवव्या दिवशी टिक्‌ थांबलं. तिने दिवसभर कान लावून खात्री केली. बाराव्या दिवशी उन्हात बसल्या बसल्या त्याच्या कुशीवर हिरवा रंग आला, आधी एक ठिपका, मग कागदावर शाई पसरावी तसा, आणि त्यातून पिवळे पट्टे उमटले. चादरीवर एक माशी बसली होती. जीभ गेली कधी, आली कधी, ते आम्हाला दिसलंच नाही. माशी नव्हती, एवढंच.

डावा डोळा मात्र त्याचा पुरता उघडला नाही. त्या बाजूची माशी त्याला गवसत नसे, म्हणून लेओकादिया फांदी वळवून ठेवायची. फांदी आता वरच, गच्चीत. तो त्यानंतर आणखी दोन उन्हाळे जगला. गेला तेव्हा सेबेरोनेच खड्डा खणला आणि टोपी काढली, या वेळी थट्टा न करता.

दहा ते दोन बोर्ड माझ्याकडेच राहिला. ते कुणी ठरवलं नाही. मधल्या काळात लोक लेओकादियाकडे घोयरे आणू लागले होते. गाडीच्या चाकाखाली पाय गेलेला, मांजराने ओरबाडलेला, जबड्याला गळू झालेला. काही वाचले, बरेच गेले. कुणी औषध विचारलं की ती आधी म्हणायची, "गप्प बसा जरा," आणि कान लावायची. डॉन अनिसेतोंनी तिच्यासाठी वेगळी सुई आणून ठेवली होती.

एका ऑक्टोबरात द्राक्षमळ्यातली बेनिल्दे नावाची बाई एप्रनमध्ये एक घोयरी घेऊन आली. "बघ गं लेओकादिया, चार दिवस काही खात नाही. फांदीवर ठरत नाही. सारखी जमीन खरवडते. वेडी झालीय की काय."

लेओकादियाने तिला तळव्यावर घेतलं. डोळे टवटवीत होते. पकड घट्ट होती. मग तिने बोटाने पोटाखाली हळूच चाचपलं, डोळे मिटून, माळेचे मणी मोजावेत तसं.

"आजारी नाहीये ही. अंडी आहेत पोटात. हिला माती हवीय, आणि तू हिला फरशीवर ठेवलंयस. आणखी दोन दिवसांनी मेली असती."

"देवा रे! मग आता?"

"आता काय, चला."

सेबेरोला बोर्डावर बसवून आम्ही तिघी पाइनच्या रानापलीकडच्या वाळूत गेलो. लेओकादियाने पायाने वाळू उकरून बघितली, कोरडी होती. थोडी पुढे गेली, ओलसर लागली, तिथे तिला सोडलं. घोयरी थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग पुढच्या पायांनी खणू लागली, शांतपणे, एक पाय, दुसरा पाय, जणू तिला कुठे जायचंच नाही. आम्ही बूट काढून बसलो. बेनिल्देने ऑलिव्ह आणि पाव आणला होता तो वाटून खाल्ला. वारा पूर्वेचा होता, कोमट. ऊन कलेपर्यंत तिची फक्त शेपटी बाहेर दिसत होती. बेनिल्दे झोपून गेली. लेओकादियाच्या गालांवर वाळू आणि ऊन होतं, आणि ती चाळिशीतली बाई मला शाळा चुकवून आलेल्या पोरीसारखी दिसली.

घोयरी बाहेर आली तेव्हा सपाट झालेली होती, पोट पाठीला लागलेलं. तिने वळून भोक बुजवलं, वाळू दाबली, दाबून पुन्हा थोडी लोटली. मग दोन डोळ्यांनी दोन बाजूंना बघत झुडपाकडे निघाली. तिला तिथवर जायला फार वेळ लागला. आम्ही कुणी हललो नाही.